सावली सगळीकडे होती

माझ्या भावाचं माझ्याशी शेवटचं बोलणं हिंदीत झालं, आणि मी हसले. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. मी मुरबाडला शाळेत शिकवते. दिवसभर बोलणं हाच माझा धंदा, आणि कुणाला चार शब्द ऐकवायचे असतील तर मी मागे राहणारी नाही. पण दादा गेल्यापासून ही एक गोष्ट घशाखाली उतरत नव्हती आणि ओठांवरही येत नव्हती. जिला ती सर्वांत आधी सांगायला हवी होती, त्या वहिनीलाही मी ती सांगितली नव्हती. ती बिचारी "मीच धाडलं त्यांना" म्हणत डोकं धरून बसायची आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहायचे. हे बरोबर नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

दादा म्हणजे रघुनाथ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमचं गाव डोळखांबच्या पुढे, डोंगराच्या पोटाशी. भात, थोडी नाचणी, आणि शेतीची कामं उरकली की कामाच्या शोधात बाहेर पडायचं, ही तिथली रीत. दादाने शहापूरला आयटीआय केलं, फिटर झाला आणि थेट जैसलमेरपलीकडे, पवनचक्क्या उभारायच्या कामावर गेला. सोळा वर्षं तिकडे काढली. धो धो पावसाच्या मुलखात वाढलेला माणूस, पण त्याला ते कोरडं ऊन असं मानवलं की विचारू नका. सुट्टीवर यायचा तो बहुधा श्रावणात, आणि दोन दिवसांत त्याची कुरकुर सुरू व्हायची. काडेपेटी पेटत नाही, पापड मऊ पडलेत, दोरीवरची पँट चार दिवस ओली, कमरेच्या पट्ट्याला बुरशी. "इथं माणूस आंबतो गो," म्हणायचा. "तिथं वाळतो. वाळलेलं टिकतं, आंबलेलं नाय टिकत." वहिनी म्हणायची, "मंग ऱ्हावा तिकडंच, सुके बोंबील होऊन." मग दोघं हसत बसायची.

त्याच्याकडून ऐकून ऐकून ते वाळवंट मलाही पाठ झालं होतं. तिथे घाम दिसतच नाही. येतो आणि उडून जातो, संध्याकाळी शर्टावर मिठाच्या पांढऱ्या रेघा तेवढ्या उरतात. बाटलीला ओलं गोणपाट गुंडाळून वाऱ्यावर टांगली की पाणी गार. पहाटे काम सुरू, ऊन चढलं की बंद, ते थेट उन्हं कलल्यावर पुन्हा. खिशात कांदा. आणि डोक्याला ओला पंचा. "पंचा सुकला की भिजवायचा, येवडंच ध्यानात ठेव. ओला हाय तवर तुला काय होत नाय." हे तो इतक्यांदा म्हणाला असेल की आम्हाला ते शास्त्रच वाटायला लागलं. फोनवर मात्र तो क्वचितच सरळ बोलायचा. कधी बँकेचा साहेब होऊन, कधी साइटवरचा सुपरवायझर होऊन हिंदीतून माझी फिरकी घ्यायचा, मीही कमरेला पदर खोचून तशाच हिंदीत उलट उत्तर द्यायचे. शेवटी तोच आधी फुटायचा आणि त्याचं ते घोगरं हसणं ऐकू यायचं. इतक्या वर्षांत त्याने मला हिंदीत काही खरं सांगितल्याचं आठवत नाही.

गुडघे गेले तसा चार वर्षांपूर्वी तो कायमचा परत आला. येताना एक मोठा पत्र्याचा कूलर टेम्पोत घालून आणला, नवरी आणावी तसा. मार्चमध्ये हवा कोरडी होती तोवर त्या कूलरने बरं काम केलं. मग मे उजाडला, समुद्राकडची दमट हवा येऊन डोंगराला टेकली, आणि खोलीत भात शिजायला ठेवल्यासारखी वाफ कोंडली. भिंतीला हात लावावा तर ओल, गाद्या ओलसर. वहिनीने वैतागून अंगणात खाट टाकली. "खिडक्या उघडा, मंग बघा," म्हणत दादा आतच बसून राहिला, अंगावर घामाचे ओघळ आणि तोंडावर हसू. त्या कूलरने आम्हाला सगळं आधीच सांगितलं होतं, असं आता वाटतं. तेव्हा आम्ही नुसती चेष्टा केली. इथल्या उकाड्याला तो गरमी मानायलाच तयार नव्हता. "ऊन मारतं. उकाडा काय, नुसता छळतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

यंदा मेमध्ये मी चार दिवस दादाकडे गेले, तेव्हा आभाळ भरून आलेलं होतं. पाऊस नाही, वारा नाही. नीट काळंही नाही, मळक्या गोधडीसारखं खाली आलेलं आभाळ. झाडाचं पान हलत नव्हतं. कोंबड्या चोची उघड्या टाकून बसल्या होत्या. कुत्रं मोरीच्या ओलीत पडून होतं, हाक मारली तरी मान उचलत नव्हतं. मला पहाटेपासून धाप लागल्यासारखं व्हायचं, पण ऊन कुठेच नव्हतं, त्यामुळे तक्रार करायचीही लाज वाटत होती. आणि नेमका राब भाजायचा राहिला होता. भाताची रोपं जिथे करायची त्या जागेवर फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत पसरून पावसाआधी ते जाळतात, तो राब. एकदा भिजला की नीट जळत नाही आणि रोपं मार खातात. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना वहिनी म्हणाली, "आबाळ आलंय. आज भाजून टाका, नायतर भिजंल." दादा म्हणाला, "आजच बरं. ऊन नाय." राजस्थानात सूर्यच त्याला सांगायचा, कधी थांबायचं ते. इथे सांगणारं कुणी नव्हतं. त्याने पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला, पंचा बादलीत बुचकळून डोक्याला गुंडाळला आणि निघाला.

अकराच्या सुमारास मी पाणी घेऊन शेतावर गेले. राब अर्धा जळला होता. धूर वर जात नव्हता, जमिनीलगतच पसरून राहिला होता. दादा काठीने कडेचा पाला आत लोटत होता. चेहरा लालबुंद, पंच्यातून पाणी टपकतंय, शर्ट अंगाला चिकटलेला. मी म्हणाले, "दादा, बस झालं आता, पाणी पी." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "टँकर आया क्या? सबको पानी मिला?" मी लगेच कमरेवर हात ठेवून म्हणाले, "आया साहब, पहले आपको." "नहीं," तो म्हणाला, "पहले लडकों को दो." मी हसले. तो हसला नाही... माझ्या ते लक्षात आलं. आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण लक्षात आलेलं मी तसंच बाजूला सारलं. त्याने तांब्या घेतला, प्यायला नाही, सगळं पाणी डोक्यावरच्या पंच्यावर ओतलं. पंचा तर आधीच निथळत होता. ही नवी फिरकी वहिनीला सांगून तिलाही हसवायचं असं ठरवत मी घरी आले, पण ती विहिरीवर गेली होती.

पाऊण तासाने शेजारच्या शेतातून आरोळी आली. दादा बांधावर आडवा पडला होता, आगीपासून दहा हात लांब. त्याच्या अंगाला हात लावला आणि मी तो झटकन मागे घेतला, इतकं ते तापलं होतं. डोक्याचा पंचा सोडवला. तो ओला होता, गच्च ओला आणि ऊन ऊन, कढत पाण्यातून काढल्यासारखा. दादाने सांगितल्याप्रमाणे त्याला काही व्हायलाच नको होतं. "सावलीत न्या, सावलीत न्या रे," कुणीतरी ओरडत होतं. चौघांनी त्याला उचललं आणि ते तसेच उभे राहिले, इकडे तिकडे बघत. कुठे नेणार? उन्हाचा कवडसा कुठे नव्हता. सावली सगळीकडे होती.

जीपमधून शहापूरला नेलं. तिथल्या लोकांनी धावपळ करून बर्फ लावला, सलाइन लावलं, पण तासाभरात सगळं संपलं. उष्माघात, डॉक्टर म्हणाली. वहिनी तिला पुन्हा पुन्हा सांगत होती, "पन ऊन नवतं ओ, आबाळ व्हतं." ती पोरसवदा डॉक्टर वहिनीजवळ खाली बसली. म्हणाली, "ऊनच लागायला पाहिजे असं नाही, काकू. घाम सुकतो तेव्हा अंग गार होतं. हवेतच एवढं पाणी असेल तर घाम सुकणार कुठे? ओल्या कपड्याचाही मग फारसा उपयोग होत नाही. त्यात जाळाजवळ काम." मग तिने विचारलं, "आधी काही असंबद्ध बोलत होते का? माणूस ओळखत नव्हते, असं काही?" वहिनी म्हणाली, "नाय ओ, सकाळी चांगले बोलले." डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नाही.

गावात अजून कुणाला पटलेलं नाही. ऊनच नव्हतं तर ऊन लागेल कसं, हा त्यांचा सवाल. कुणी हार्ट म्हणतं, कुणी बाहेरचं काहीतरी म्हणतं. सोळा वर्षं वाळवंटात राहिलेला माणूस डोळखांबच्या ढगाखाली गरमीने मेला, हे ऐकून एकाला तर हसू आलं. मला त्याचा राग आला, पण आपण कोणत्या तोंडाने रागवायचं? मुरबाडला मी रात्रंदिवस एकच हिशेब मांडत होते. त्या पाऊण तासात त्याला खाली बसवलं असतं, शर्ट काढून वारा घातला असता, जीप बोलावली असती तर... कदाचित नसताही वाचला. पण मी खरं सांगितलं असतं, तर वहिनीने स्वतःला बोल तरी लावून घेतला नसता.

पाऊस यंदा लांबला. जून अर्धा सरला तरी रोज तेच मळकं आभाळ, रोज तोच कोंडमारा. गेल्या रविवारी मी न राहवून गावी गेले. वहिनी शेतात होती. पाऊस येईल या भरवशावर कोरड्या मातीतच पेरणी चालली होती, सोबत पाड्यावरच्या तिघी बाया. मला बघून वहिनी बांधावर येऊन बसली. मी पाणीसुद्धा मागितलं नाही, सगळं सांगून टाकलं. टँकर, साहब, लडके, माझं हसणं, दवाखान्यातली माझी मान. म्हणाले, "तू धाडलंस म्हणून नाही गेला तो. त्याचं डोकं भरकटलं होतं, आणि ते मी बघितलं. मी मस्करी समजले." वहिनीने एक ढेकूळ उचलून हातात चुरडलं. तिने ओरडावं, मला शिव्या द्याव्यात, असं मला मनापासून वाटत होतं. ती म्हणाली, "टँकर आया क्या, आसं बोलले?" मी हो म्हणाले. "म्हंजे माणसाला नुसतं इचारलं आसतं, तरी कळलं आसतं?" मी म्हणाले, "हो. भलतंच उत्तर आलं की समजायचं. काम थांबवायचं आणि धावायचं."

वहिनी उठून उभी राहिली. आभाळाकडे एकदा बघितलं आणि मोठ्याने हाक मारली, "सखू, तुझं माहेर कुठलं गो?" सखूने वाकल्या वाकल्याच गावाचं नाव सांगितलं. दुसरीला विचारलं, तिनेही सांगितलं. तिसरी जनी, सगळ्यांत पलीकडे. "जने, तुझं माहेर?"

"दिल्ली!" जनी ओरडली. बाकीच्या दोघी खिदळल्या.

वहिनी ढेकळं तुडवत धावत सुटली. मीही तिच्यामागे. तिने जनीचे दोन्ही खांदे धरले आणि तिच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "नीट सांग."

"किनवली गो बाय, किनवली! तुला काय म्हाईत नाय? मस्करी केली, सोड." वहिनीने सोडलं नाही. दोनदा पुन्हा वदवून घेतलं. मग तिघींनाही काम टाकायला लावून बांधावर बसवलं. "ह्या आबाळात मस्करी नको," म्हणाली. "इचारलं की खरंच सांगायचं." कुणी हसलं नाही.

मग ती माझ्याकडे वळली. मी धापा टाकत उभी होते, घामाने चिंब.

"ताई, तुमचं माहेर कुठलं?"

ती थट्टा करत नव्हती. दादा गेल्यावर त्या शब्दाचं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं, आणि ती तर उत्तराची वाट बघत थांबली होती.

"हेच गो, वहिनी," मी म्हणाले. "तुझं घर."

"मंग प्या," म्हणत तिने पाण्याची बाटली माझ्या हातात दिली, आणि मी पिऊन संपवेपर्यंत समोरून हलली नाही.