गोल गोल घासलेली सीडी

आज सकाळी बायको टूथपेस्ट लावून पितळी समई घासत होती. तो वास नाकात शिरला आणि तेव्हापासून मी उगाच घरभर फिरतोय.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी भंडाऱ्यात माझं कॉम्प्युटरचं छोटं दुकान होतं. करडी गावच्या एक काकू सीडी घेऊन आल्या. दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, गाणाऱ्या त्यांच्या नवऱ्याचा आवाज तिच्यात होता. ते आता हयात नव्हते, आणि सीडी एका जागी अडखळत होती. मी सीडी वाचताना होणाऱ्या चुका मोजणारा प्रोग्राम लावला. स्क्रीनवर चार-पाच लाल रेघा उमटल्या.

"एवढंच ना? घासून देतो," मी म्हणालो.

आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पितळेचं काम. टूथपेस्ट घेतली आणि थाळी घासावी तशी सीडी गोल गोल घासली. गाणं सीडीवर गोल फिरत लिहिलेलं असतं आणि गोल ओरखडा त्याच्याच वाटेने जातो, म्हणून ती मधून कडेकडे सरळ पुसायची, हे मला माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं. आधी कॉपी काढून ठेवायचंही सुचलं नाही.

पुन्हा मोजलं, तर अर्धी स्क्रीन लाल.

घाबरत सीडी प्लेअरमध्ये टाकली. बारीक चुका प्लेअर अंदाजाने भरून काढतो. मूळचा डागही निघाला होता. गाणं न अडखळता वाजलं. पण किती दिवस वाजणार होतं? मी हळूच स्क्रीन बंद केली.

काकूंनी डोळे पुसले. "आता साफ ऐकू येऊन राहिलं. तुमच्या हाताले यश आहे, भाऊ."