वाणात दिलेले हातमोजे

हातमोजे वाण म्हणून लुटणारी बाई अख्ख्या कोल्हापुरात एकच झाली असेल, आणि ती मी. तेव्हा मी तरुण होते. म्हणजे नुकती साठी उलटलेली, शाळेतून निवृत्त झालेली आणि अक्कल शिकवायला रोज नवं गिऱ्हाईक शोधणारी.

गडमुडशिंगीच्या वाटेवर आमच्या सुनेचा छोटा कारखाना आहे. लोखंडी भागांना भोकं पाडायचं काम. त्या वर्षी तिनं ड्रिल मशीनवर पहिल्यांदाच बायका घेतल्या आणि सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाला बाहेरून कुणाला तरी बोलवायचं ठरवलं.

"बाहेरून कशाला? जन्मभर विज्ञान शिकवलंय मी."

"आई, त्याचं वेगळं शिक्षण असतं."

"सांभाळून काम करा, एवढंच सांगायचं ना? त्याला कसलं आलंय शिक्षण?"

संक्रांतीत सून परगावी गेल्याचं साधून मी कारखान्यातच हळदीकुंकू ठेवलं. तिळगूळ दिला, भाषण ठोकलं आणि प्रत्येकीला सुती हातमोज्यांचा जोड दिला. हात जपायचा तर हातमोजे, यात विचारायचं काय? प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा किती शहाणं वाण, म्हणून मीच माझ्यावर खूश.

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षण देणारी बाई आली. माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची. सुरक्षिततेची पदविका घेतलेली आणि त्याआधी काही वर्षं स्वतः मशीनवर काढलेली. ही जास्तीचं काय सांगते ते बघायला मी पुढचीच खुर्ची धरून बसले होते. दारातूनच तिची नजर बायकांच्या हातांवर गेली.

"सगळी मशीनं बंद करा," ती म्हणाली. नमस्कार त्यानंतर.

मग तिनं एक हातमोजा मागून घेतला, त्यात चिंध्या ठासून भरल्या, लांब काठीच्या टोकाला सैलसा बांधला. सगळ्यांना मागं सरकवलं, एक ड्रिल सुरू केलं आणि त्या मोज्याचं बोट फिरत्या टोकाला नुसतं टेकवलं.

माझी पापणी लवायच्या आत मोजा काठीवरून गेला होता. मशीन थांबलं तेव्हा तो ड्रिलभोवती पिळून बसला होता आणि फाटक्या बोटांतून चिंध्या लोंबत होत्या.

वर्गात शांतता हवी म्हणून मी जन्मभर टेबलावर पट्टी आपटली. ही शांतता कुणी मागितलीच नव्हती.

"उघड्या हाताला खरचटतं," ती हळू आवाजात म्हणाली. "मोजा अडकला की तो हात सोडत नाही. धारेचा तुकडा उचलताना मोजे जरूर घाला. फिरत्या मशीनपाशी नको." मोजे कुणी दिले, हे तिनं विचारलंच नाही. एवढंच विचारलं, "आज कुणाचा मोजा ओढला गेला का?"

सगळ्यांनी नाही म्हणून माना हलवल्या.

वर्ग संपला. सगळ्या चहाला गेल्या. पहिल्या मशीनवरची बाई तेवढी मागं राहिली. माझ्यापाशी आली, इकडं तिकडं पाहिलं आणि उजवा हात पदराखाली घेत म्हणाली,

"सकाळी एकदा वढला हुता, आज्जी. बोट निसटलं म्हणून वाचलं. पर तुमी कुंकू लावून दिल्यालं, ते हातातनं काढायचं तरी कसं?"