आबांचा ठोका लोणावळ्यात

बातमीदाराच्या वहीला दोन बाजू असतात. पुढून बातमी लिहायची आणि मागून, डेस्कवरचे साहेब जे कधीच छापत नाहीत ते. तीस वर्षांचा माझा अनुभव सांगतो, मागची बाजू नेहमी आधी भरते!

आंदर मावळातल्या त्या उपकेंद्रावर मी गेलो होतो तो खरं तर झोडपायला. कुणीतरी फीत कापून गावाला एक निळी पेटी देणार होतं. आत बीपीचं मशीन, साखरेचं मशीन, स्टेथोस्कोप, सगळं मोबाईलला जोडलेलं. गावात तपासायचं, आकडे आणि आवाज थेट लोणावळ्यात डॉक्टरच्या टेबलावर. मी मथळा आधीच ठरवला होता : ‘एसटी नाही, डॉक्टर नाही, घ्या ही पेटी!’ हा मथळा मी आजही मागे घेत नाही. एसटी अजूनही नाहीच! पण पेटीच्या नादाने त्या गावात माझ्या इतक्या खेपा झाल्या, की वहीची मागची पानं संपली.

पेटी सांभाळते ती नर्स शोभाताई. लोणावळ्यात पलीकडे बसतात त्या डॉ. अश्विनी मॅडम. आणि दोघींच्या जिवाला घोर लावणारे कोंडिबा आबा. वय सत्तरीच्या पुढे, अंगात कोट, डोक्यावर टोपी. भाताच्या खाचरात दोनदा चक्कर येऊन पडलेले. मॅडमचा संशय हृदयावर होता. ठोका मधेच थांबतो, असं त्यांना वाटायचं. पण आबांना जीपने दोन तास हादरे देत लोणावळ्याला न्यावं, ईसीजी काढावा, तर तो अगदी सरळ!

“थांबतो त्या क्षणीच पकडायला हवा,” मॅडम मला म्हणाल्या. “नाहीतर तिसऱ्यांदा पडले तर उठतीलच, असं मी सांगू शकत नाही.”

* * *

पेटीचं उद्घाटन मी डोळ्यांनी पाहिलंय. पाहुणे म्हणून आलेल्या पुढाऱ्यांनी भाषण करता करता फोटोसाठी दंडाला बीपीचा पट्टा बांधून घेतला. दुसऱ्या हातात माईक. भाषण चाळीस मिनिटांवर आलेलं.

लोणावळ्यात मॅडमच्या स्क्रीनवर फक्त आकडे दिसत होते, माणूस नाही. स्पीकरवर त्यांचा आवाज आला, “शोभाताई, या पेशंटला आधी खाली बसवा. आणि अजिबात बोलू देऊ नका!”

शोभाताई सरकारी हुकूम पाळणारी बाई. तिने साहेबांच्या हातातला माईक अलगद काढून घेतला आणि खुर्ची पुढे केली.

मागून एक म्हातारा म्हणाला, “ही पेटी लय आदी याया पायजे हुती!”

* * *

उपकेंद्रात नेटवर्क नाही. ते मिळतं पाण्याच्या टाकीजवळ. हे पेटी देणाऱ्यांच्या लक्षात आलं नव्हतं. कसं येणार? ते गाडीतून उतरले ते थेट मांडवात, आणि मांडव होता टाकीला लागून! मग शोभाताईने दवाखानाच टाकीवर नेला. शेजारी बाया भांडी घासतायत आणि ओट्यावर पेशंट.

मॅडम एका भाऊंना विचारत होत्या, “मीठ कमी केलंत ना?”

“व्हय मॅडम, कवाच.”

“कुटं केलंय!” भांड्यांच्या ढिगामागून आवाज आला. “काल बोंबील कुनी खाल्लं? वास आमच्या घरापतूर आला की!”

“आन् वर लोणचं,” दुसरी म्हणाली.

मी मॅडमना म्हटलं, अहो, हे सगळं असं चारचौघांत? त्या म्हणाल्या, “अडचणीचं असलं तर शोभाताई सगळ्यांना लांब पाठवते. पण खरं सांगू? इतकी खरी माहिती मला लोणावळ्याच्या ओपीडीत कधी मिळत नाही!”

* * *

तो स्टेथोस्कोप न्यारा. इथे छातीला लावायचा, तिकडे मॅडमच्या हेडफोनमध्ये छाती ऐकू येते. खोकल्याने बेजार झालेल्या एका मावशींना शोभाताईने तो दाखवला आणि म्हणाली, “यातून मॅडमला सगळं ऐकू जातं.”

झालं! मावशींनी ती चकती ओठांशी धरली आणि आंदर मावळी आवाजात हाक घातली, “बाईऽऽ! जेवलीस का?”

मॅडमनी हेडफोन फेकला. कानातलं घणघणणं थांबल्यावर म्हणाल्या, “नाही मावशी, अजून पेशंट आहेत. आता मोठा श्वास घ्या.”

“तीन वाजलं! जेवली न्हाईस?” मावशींनी चकती शोभाताईच्या हातात दिली आणि ओट्यावर मांडी घातली. “आदी जेव. मी हितंच हाय.”

मॅडम जेवल्या. मग श्वास घेतला गेला. छातीत कफ साठला होता, औषध त्याच दिवशी सुरू झालं.

* * *

आबा दुसऱ्यांदा पडल्यावर मॅडमनी एक बीपीचं मशीन त्यांच्या घरीच दिलं. नातवाचा जुना मोबाईल त्याला जोडला. सकाळी पट्टा बांधायचा, मोबाईल खिशात टाकून टाकीवरून पाणी आणायचं. तिथे नेटवर्क मिळालं की आकडे आपोआप लोणावळ्यात.

एका सकाळी मॅडमचा मला फोन, “तुम्ही गावात आहात ना? पळा आबांकडे! अर्ध्या तासात बीपी एकशेदहा, एकशेसाठ, शंभर, दोनशे! मी अँब्युलन्स पाठवलीय.”

मी टाकीवरच होतो, धावत गेलो. आबांच्या पडवीत सात जण रांगेत बसलेले, बाह्या वर करून. आबा स्वतः पट्टा बांधत होते आणि नातू मोबाईल घेऊन टाकीवर खेपा घालत होता! एका घरात कुदळ असली की ती आळीची असते, शेवयाचं यंत्र असलं की तेही आळीचं. मग हेच एकट्याचं कसं असेल?

“आबा, हे फक्त तुमच्यासाठी दिलंय!”

“मंग शेजाऱ्यांला काय सांगू? जा घरला, मरा?”

पण ते दोनशे कुणाचं? आठवणीने मागे मागे जात शोध लागला. आबांच्या बायकोचं, भागाकाकूंचं! अँब्युलन्स आलीच होती. काकूंना घेऊन गेली.

“आजारी मी आन् बीपी हिला?” आबा खेकसले.

अँब्युलन्समधून काकू म्हणाल्या, “तुमच्याचपायी!”

* * *

शेवटी मॅडमनी चकलीएवढी एक पट्टी पाठवली. चक्कर आल्यासारखं वाटलं की दोन्ही हातांचे अंगठे अर्धा मिनिट त्यावर टेकवायचे. ईसीजी निघतो आणि नेटवर्क मिळालं की मोबाईलवरून लगेच मॅडमकडे जातो. थांबलेला ठोका पकडायचा हाच एक उपाय होता.

आबांनी पट्टी उलटसुलट पाहिली आणि खाली ठेवली. “आंगठा द्याचा न्हाई.”

शोभाताईने विनवलं, काकूंनी शिव्या घातल्या. व्यर्थ! तासाभराने आबा बोलले. त्यांच्या वडिलांनी एका बंगलेवाल्याच्या एजंटाला कसल्याशा कागदावर अंगठा दिला होता आणि डोंगराकडचा तुकडा गेला. त्यानंतर आबा हट्टाने सही शिकले ते एवढ्यासाठीच. “बानं येक दिला तर येक तुकडा ग्येला. ही तर दोन्ही मागतीया!”

मला हसू आलं नाही. अशा अंगठ्यांच्या बातम्या मी हयातभर लिहिल्यात. त्यातल्या निम्म्या छापल्या गेल्या नाहीत.

फोनवर मॅडमही हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी लोणावळ्याहून जीपवाल्याच्या हाती कागद आला. त्यांच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी : ‘कोंडिबा आबांच्या अंगठ्यांवरून फक्त हृदय तपासले जाईल. सातबाऱ्याशी याचा काहीही संबंध नाही.’

आबांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, “याची झेरॉक्स तलाठ्याकडं पन द्या.”

* * *

तरी ठोका सापडेना. आबा रोज सकाळी नेमाने अंगठे टेकवायचे आणि रोज सगळं ठीक निघायचं. दोन महिने गेले. मॅडम वैतागल्या, काकू रडकुंडीला आल्या.

भातकापणी झाली आणि आबांच्या बांधावर मोजणी आली. शेजारची जमीन एका बंगलेवाल्याने घेतली होती. त्याच्या एजंटाचं म्हणणं, आबांचा बांध दोन फूट आत आलाय. आबांनी मला मुद्दाम बोलावलं होतं, “तू नुसता वही घिऊन हुबा ऱ्हा.” मी उभा राहिलो. बंगल्यांसाठी समोरच्या डोंगरावर टॉवर आहे, त्यामुळे तिथे नेटवर्क फुल्ल! गावासाठी नाही, बंगल्यांसाठी!

टेप लागली, बाचाबाची झाली. बोलता बोलता आबा थांबले. चेहरा पांढरा पडला. बांधावर बसले, कोटातून पट्टी काढली आणि अंगठे टेकवले.

मिनिटभरात आबांच्या खिशातला मोबाईल वाजला. मी स्पीकर लावला.

“आबा, सापडलं! हृदय मधेच थांबलंय! आहात तिथेच आडवे व्हा. खालच्या गावातून अँब्युलन्स निघाली. ती येईपर्यंत हलायचं नाही, कुणी हलवायचंही नाही!”

पुढे पुण्यात आबांच्या छातीत पेसमेकर बसला आणि आज ते खाचरात उभे असतात, हे सगळं नंतरचं. पण अँब्युलन्सला यायला पाऊण तास लागला. तो पाऊण तास आबा बांधावर आडवे होते. डोकं या टोकाकडे, पाय त्या टोकाकडे, बरोबर ज्या रेषेवर टेप टाकायची होती त्या रेषेवर. माझा हात त्यांच्या मनगटावर, फोन चालूच.

मोजणीवाला घड्याळ बघू लागला. त्याला दुपारी दुसऱ्या गावाला जायचं होतं. एजंट माझ्याजवळ आला, फोनपाशी वाकला आणि फार अदबीने म्हणाला, “मॅडम, यांना फक्त दोन फूट अलीकडे सरकवलं तर चालेल का?”

“एक इंचसुद्धा नाही!” मॅडम कडाडल्या.

आबांनी डोळे मिटूनच विचारलं, “पत्रकार, ल्हिलंस का?”