हात दाबला नाही

माझ्या नवऱ्याच्या कपाळातून रक्ताची धार लागली होती आणि नाहूरच्या हॉलमध्ये पब्लिक ओरडत होतं, "अजून मार!" कुस्तीची ही कंपनी त्यानेच काढलेली. सगळं आधी ठरतं, रक्तसुद्धा. मनगटाच्या पट्टीत लपवलेल्या ब्लेडने तो स्वतःच कापून घेतो; त्या दिवशी ते खोल गेलं. मग पडल्या पडल्या समोरच्याने हात दाबला की यानेही दाबायचा, म्हणजे शुद्धीत आहे, ठीक आहे, ही खूण. मी रिंगला लागूनच बसले होते; समोरचा पैलवान वाकून मला हळूच म्हणाला, "वहिनी, हा हात दाबत नाय." मी कडेवरच्या बाळाला घेऊनच रिंगमध्ये चढले, किंचाळले, "थांबा, एवढं ठरलं नव्हतं!"

"म्हणजे बाकीचं ठरलेलं काय गं?" कोणीतरी ओरडलं, आणि खुर्च्या उडाल्या. नवरा वाचला. पण पुढच्या शोला कुत्रं फिरकलं नाही. तो अजून म्हणतो, "गप राहून रेफरीला खुणावायचं ना!" तुम्ही गप राहिला असता?