पॅडमास्तरांची ‘मोकळी जागा’

पॅडमास्तरांशी त्यांच्या पाठीमागून बोललेलं त्यांना अजिबात खपायचं नाही. “समोर ये, मंग बोल,” असं म्हणून ते खुर्ची वळवायचे आणि आपल्या तोंडाकडे असं टक लावून बघायचे, की सांगायचं ते निम्मं विसरून जायचं. मला वाटायचं, गावचा माणूस, मानपानाला पक्का असणार. चार वर्षं मी तसंच समजत होते आणि आमच्याकडे कोणी नवीन आलं की त्यालाही आधी हेच बजावत होते.

मास्तर बदलापूरजवळच्या चामटोलीचे. लग्नाच्या हळदीत वाजवणाऱ्या ताफ्यात, म्हणजे बेंजो पार्टीत, त्यांनी वीस-बावीस वर्षं पॅड वाजवला. पॅड म्हणजे रबरी चौकोनांची, विजेवर चालणारी पाटी. काठी मारली की त्यातून ढोल निघतो, ताशा निघतो, मंजिरी निघते, हवा असेल तर घोडाही खिंकाळतो. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते बेलवलीत, माझ्या आतेबहिणीच्या हळदीत. सगळा मांडव नाचत होता आणि मी एकटीच स्पीकरच्या भिंतीआड उभी राहून त्यांचे हात बघत होते. आमचा ‘शुक्रवार बंद’ हा रॅपचा ग्रुप तेव्हा नुकता सुरू झाला होता. अंबरनाथच्या कारखान्यांना सुट्टी शुक्रवारची, मी तिथेच रसायनं तपासायच्या नोकरीला, म्हणून हे नाव. शब्द माझे होते, रेकॉर्डिंग हितेशचं होतं, ताल मात्र कोणाकडेच नव्हता. मी मास्तरांना विचारलं, तर म्हणाले, “आमचा-तुमचा काय जमाचा गो? तुमी निस्ता बोलता, नाचत कोनीच नाय.” आणि पुढच्या शुक्रवारी पॅड खांद्याला लावून हजर झाले.

हितेश उल्हासनगरचा सिंधी. त्याच्या वडिलांच्या जीन्सच्या गोदामात एका कोपऱ्याला कापडाचे तागे छतापर्यंत रचून त्याने स्टुडिओ केला होता. आवाज बाहेर जात नसे आणि वाराही आत येत नसे. तिथे मास्तरांनी बेंजो पार्टीची रीत आणली. हळदीत एकमेकांचं बोलणं ऐकूच येत नाही, म्हणून ही माणसं सगळं हातांनी सांगतात. एक बोट वर केलं की चाल उचला, तळहात खाली केला की उतरवा, मूठ वळली की जागीच थांबा. महिन्याभरात आम्हीही तसेच झालो. तासन् तास काम चालायचं आणि तोंडातून शब्द निघायचा नाही. केवढी शिस्त, असं वाटून मी खूश असायचे. त्या शिस्तीने काय झाकून ठेवलंय, हे ना मला कळलं ना हितेशला.

पहिला अल्बम धो धो चालला. बदलापूर स्टेशनबाहेरच्या रिक्षांत आमचाच आवाज. लोक म्हणाले, दुसराही असाच दणक्यात येऊ द्या. मास्तर मात्र अडून बसले. “नाचून झाला. आता जरा बसून आयकू दे लोकांना.” दुसऱ्या अल्बमला त्यांनी ढोल-ताशा लावलाच नाही. नुसती मंजिरी, खुळखुळे, काचेच्या बांगड्यांचा आवाज, आणि मधे मधे काहीच नाही. नाव ठेवलं ‘मोकळी जागा’. चामटोलीच्या शेतांवर बिल्डिंगा उभ्या राहिल्या, त्यांत माझ्यासारखे राहायला आले आणि मास्तरांसारखे त्यांच्याकडे खालून बघत राहिले, त्याबद्दलची ती गाणी. कोणता आवाज किती ठेवायचा, हे शेवटचं कामही मास्तरांनी स्वतःकडेच घेतलं. त्या मोसमात एकही हळद घेतली नाही. मी विचारलं, तर म्हणाले, “ह्याच्यानंतर मी वाजवनार नाय. म्हनून हा नीट होऊ दे.”

त्यांची काळजी करण्याची तऱ्हा आम्हाला गमतीची वाटायची. स्पीकरच्या खोक्यावर सबंध तळवा ठेवून बसायचे आणि दर दोन मिनिटांनी, “आयकाला येतंय ना? बारीक आवाज येतोय ना?” हितेश म्हणायचा, “मास्तर, पूरा गोदाम सुन रहा है!” तेही हसायचे आणि आमचं हसून होण्याआधी मंजिरी आणखी थोडी चढवायचे.

अल्बम यायला आठ दिवस होते. कव्हरचा फोटो दाखवायला मी चामटोलीला त्यांच्या घरी गेले. आम्ही स्वयंपाकघराच्या दारातच बसलो होतो. त्यांची बायको, आमच्या काकू, मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या आणि डाळीचा कुकर मास्तरांच्या अगदी पाठीशी होता. एक शिट्टी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. मास्तर फोटो बघत होते. पाचवीला मला राहवेना, पण दुसऱ्याच्या घरातला कुकर, आपण कसं उठायचं? तेवढ्यात काकू आत आल्या आणि मास्तरांच्या समोर उभं राहून म्हणाल्या, “किती झाल्या?”

“दोन झाल्या असतील,” मास्तर म्हणाले. तेव्हाच सहावी झाली. कानात खुपावी अशी शिट्टी, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत परत अंगणात गेल्या.

मास्तर मला रिक्षापर्यंत सोडायला आले. रिक्षाशी थांबले. “समजला ना तुला? जाड आवाज येतो मना. बारीक गेला. इतकी वर्सं स्पीकरच्या तोंडाशी उभा रायलो, दुसरा काय होनार?” मग इकडेतिकडे बघून म्हणाले, “हितेशला बोलू नको. पार्टीवाल्यांना तर नायच नाय. लोक पाठीमागून हसतात गो, आनि मना ते आयकाला पन नाय येनार.”

मी शब्द दिला. घरी जाऊन हेडफोन लावले आणि अख्खा अल्बम पुन्हा ऐकला. मंजिरी सुईसारखी टोचत होती. आधीही टोचली होती, पण मास्तरांनी ठरवलंय म्हणजे त्यात काहीतरी असेल, असं म्हणून मी मान डोलावली होती. आता सगळं उमगलं. स्वतःला ऐकू येईपर्यंत ते आवाज चढवत गेले होते. हे सुधारायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगायचं नाही असा शब्द दिलेला. आठ दिवस मला धड जेवण गेलं नाही. शेवटच्या दिवशी हितेश म्हणाला, “यार, थोडा चुभता है कान में. मास्तरको बोलू का?” त्याने मला दार उघडून दिलं होतं, आणि ते मी माझ्या हाताने लावलं. मी म्हणाले, “राहू दे. तीच आपली स्टाइल आहे.”

अल्बम आला आणि पडला. आपटलासुद्धा नाही, आपटला असता तर निदान आवाज तरी झाला असता. नेटवर ऐकायला जे थोडे लोक आले त्यांनी खाली लिहिलं, कान दुखतो, दोन मिनिटांत बंद केला, पहिलाच बरा होता. मास्तर चष्मा लावून एकेक अक्षर वाचतात हे मला माहीत होतं, म्हणून मी कामावर प्रयोगशाळेतसुद्धा फोन हातातून सोडत नव्हते. एकाने लिहिलं, “आवाज बसवणारा बहिरा होता का?” ते मी पाहिलं आणि तत्क्षणी काढून टाकलं. माझ्याआधी मास्तरांनी ते वाचलं का, हे मला आजतागायत माहीत नाही. मात्र पुढच्या शुक्रवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला तर काकूंनी घेतला. “ते म्हनतात, आता तुमी दुसरा कोनीतरी बघा.”

आम्ही दुसरं कोणी पाहिलं नाही. ‘शुक्रवार बंद’ तिथेच संपला. वर्षभराने मी हितेशला सगळं सांगितलं, शब्द मोडला. त्याने उठून मशीन चालू केलं. पंधरा दिवस खपून आम्ही मंजिरी खाली आणली, खुळखुळे मऊ केले. इतका सुंदर झाला तो अल्बम, की मला रडू आलं. हे ऐकून मास्तर परत येतील, अशी माझी वेडी आशा होती.

चामटोलीला गेलो. मास्तर वाळले होते. कानाचं यंत्र मुलीने आणून दिलं होतं, ते फडताळात होतं. त्याने भांडी फार वाजतात, म्हणाले. मी हेडफोन त्यांच्या कानांवर नीट बसवले. पहिलं गाणं संपलं, दुसरं संपलं. ते शहाण्या मुलासारखे मांडीवर हात ठेवून बसले होते. मग हेडफोन काढून म्हणाले, “छान हाय. तुजा बोलना एकदम साफ हाय. पन बाय, ह्याच्यात मी कुठं हाय?”

माझ्या तोंडाकडे बघता बघता त्यांना सगळं कळलं. “म्हंजे मी बसवलेला चुकला हता?”

“हो, मास्तर.”

“आनि तुला तवाच समजला हता.”

मी मान हलवली. तुम्हीच बोलू नको म्हणाला होतात, हे जिभेवर आलं होतं. ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. सांगितलं तर ते उठून जातील या भीतीने मी गप्प बसले होते, आणि गप्प बसूनही ते गेलेच.

मास्तर रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. माझ्या हातात हेडफोन देत ते म्हणाले, “हा नको काडू. चुकलेला हाय तोच र्‍हाऊ दे. त्याच्यात मी वाजवलेला मना आयकाला येतो.”

सुधारलेला अल्बम हितेशच्या मशीनमध्ये पडून आहे. लोकांपुढे आहे तो मास्तरांनी बसवलेलाच. कान दुखतो, असं अजूनही अधूनमधून कोणीतरी लिहितं. हितेश म्हणतो, एका ओळीत खरं कारण लिहून टाकू, लोक समजून घेतील. मी त्याला नको म्हणते. काकू सांगतात, दर शुक्रवारी जेवणं झाली की मास्तर तो अल्बम लावतात, इतका मोठा की शेजारची दारं लावून घेतात.