टीव्हीकडे पाठ करून बसणाऱ्या आपा

आपा गेल्याचं सांगायला नसरीनचा फोन आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, की कोणता पिक्चर चालू होता? नसरीन आपांची सून. दुसऱ्या कुणी मला वेड्यात काढलं असतं, पण तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. "भुताचाच हुता, बाई. या शुक्रवारी नवा आलेला," ती म्हणाली आणि मग रडायला लागली. दुपारची वेळ, आपा दुकानात शिलाई मशीनवर बसलेल्या, पाठीमागे भिंतीवरचा टीव्ही चालू. तो पिक्चर संपला आणि हल्ली होतं तसा दुसरा आपोआप सुरू झाला. आतल्या खोलीत कणीक मळणाऱ्या नसरीनला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, कारण एका पिक्चरवर आपलं मत सांगितल्याशिवाय आपा दुसरा कधी सुरू होऊ द्यायच्या नाहीत. ती हात तसेच घेऊन बाहेर आली, तर आपांचं डोकं मशीनवर टेकलेलं आणि कुणाच्या तरी ब्लाउजची बाही निम्मीच जोडलेली… त्याला आता सात आठवडे झाले.

सोनईतल्या दोन पिढ्यांच्या बायकांचे ब्लाउज हमीदाआपांनी शिवले, त्यामुळे त्यांना ओळखणारे गावात पुष्कळ आहेत. पण नव्या पिक्चरवर आणि कादंबऱ्यांवर त्या काय काय बोलायच्या, ते ऐकण्याचं भाग्य माझ्या आणि नसरीनच्याच वाट्याला आलं. जाणकार वगैरे म्हटलेलं त्यांना चाललं नसतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की आपण वेळ दिलाय तर बोलणारच. दुकानाची खोली अरुंद. उजेड दारातून येतो म्हणून मशीन दाराकडे तोंड करून, आणि मुलानं हौसेनं आणलेला मोठा टीव्ही मागच्या भिंतीवर. त्यामुळे आपा पिक्चर बघायच्याच नाहीत, त्या पाठ करून ऐकायच्या. मुलानं टीव्ही समोर लावून देतो म्हटलं तर नको म्हणाल्या. "तोंडं बघितली की मानूस फसतं. आवाज खोटं बोलत न्हाई." डब केलेले दाक्षिणात्य पिक्चर लागले की मी वैतागायची, ओठ एक बोलतात आणि आवाज दुसराच येतो म्हणून. त्यावर आपा म्हणायच्या, "तुमचं तुमी बघा, मी कुठं ओठ बघतीय?"

मतं शिंपिणीची असायची. अमक्या पिक्चरचं कापड भारी हाय पन शिलाई कच्ची. तमक्याला नुसतं अस्तरच हाय, वरचं कापड इसरले. एका युद्धाच्या पिक्चरवर जगभर कौतुक चाललं होतं, आपांनी त्याचा एका वाक्यात निकाल लावला. "गोळ्या लई वाजत्यात, पन मेलेला एक मानूस पडल्याचा आवाज येत न्हाई." खुनाच्या मालिकेत तिसऱ्या भागातच त्या खुनी ओळखायच्या. ज्याचे बूट करकरतात त्याच्यावर सगळ्यांचा संशय, आणि आपा मात्र म्हणणार, "त्यो न्हाई. दारात पाय पुसून आत येतो ना, त्यो." आणि निघायचा तोच! मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, पण असं मन लावून ऐकणारं एक पोर माझ्या वर्गात नव्हतं.

भुताचे पिक्चर त्यांच्या विशेष आवडीचे. त्यांना भीती वाटत नसे, त्या हिशेब लावायच्या. घरात माणसं किती, हा त्यांचा पहिला प्रश्न. चार मित्र डोंगरावरच्या बंगल्यात राहायला जातात असा एक पिक्चर आला होता. मी तो दुकानातल्या बाकावर बसून डोळ्यांनी बघितला, आपांनी कानांनी. संपल्यावर त्या म्हणाल्या, "बरा हाय. पन पाचवा कोन ते सांगितलंच न्हाई." मी म्हटलं, आपा, चौघंच होते, भूतबित शेवटी खोटं निघालं. त्या हसल्या. "जिना उतरत्यात तवा पाच जन उतरत्यात. तुमी डोळं मिटून ऐका." घरी जाऊन मी तो प्रसंग पुन्हा लावला. चौघं उतरताना स्वच्छ दिसत होते. मग डोळे मिटून ऐकायला लागले, आणि चौथ्याची पावलं मोजून झाल्यावर घाईघाईनं टीव्ही बंद केला. का ते मला सांगता येणार नाही. पुढचं ऐकायचं नव्हतं, एवढं खरं.

कादंबऱ्यांचं प्रकरण माझ्यामुळे सुरू झालं. तीन वर्षांपूर्वी आमचे सर, म्हणजे माझे यजमान, गेले. ते हायस्कूलवर होते म्हणून सगळा गाव त्यांना सर म्हणायचा आणि मीही तेच म्हणत आले. मुलगा पुण्यात. आमचं घर गावाबाहेर मळ्यात, चहूबाजूंनी ऊस, हाकेच्या अंतरावर दुसरं घर नाही. दुपार खायला उठायची. एकदा काखेत कादंबरी घेऊन मी ब्लाउज टाकायला गेले, तर आपा म्हणाल्या, "मनात काय वाचता, मोठ्यानं वाचा की. माजं हात गुतल्यात, कान रिकामंच हायेत." दुकानात गिऱ्हाइकं सारखी मधे मधे यायची, म्हणून मग मी घरीच वाचून मोबाईलवर रेकॉर्ड करायला लागले. जेवण झालं की सरांच्या खोलीतल्या टेबलाशी बसायचं, वीसेक मिनिटं वाचायचं आणि आपांना पाठवून द्यायचं. संध्याकाळपर्यंत त्यांचं मत यायचं, तेही आवाजातच, मागे मशीनची खडखड. एका गाजलेल्या प्रेमकहाणीवर आलेलं मत मी अजून जपून ठेवलंय. "बाई, ह्या बयेला कामधंदा न्हाई का काही? दीडशे पानं झाली, खिडकीतच उभी हाय." अशा अकरा कादंबऱ्या आम्ही मिळून संपवल्या. आपांमुळे माझ्या दुपारी पुन्हा माणसात आल्या, हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

बारावी कादंबरी नवीन आलेली, धरणात गाव गेलेल्या एका बाईची. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती दरवर्षी चालत जाऊन आपल्या घराचा उंबरा बघून येते. आपांना ती फार आवडली. शेवटचं एक प्रकरण उरलं होतं आणि मी दुकानात गेले होते. चहा झाला. आपा म्हणाल्या, "बाई घर बघायला जाती ते पटतं. एकटी जाती म्हनती ते काय मला पटत न्हाई." मी हसून विचारलं, तिच्याबरोबर कोण असणार? त्यांनी मशीन थांबवलं. मशीन थांबवून बोलायची त्यांची सवय नव्हती.

"तुमी तरी कुठं एकट्या वाचता?"

"म्हणजे?"

"वाचता तुमी. पान कोन उलटतं? तुमचं वाक्य संपायच्या आधी पान उलटलेलं असतं. आनि त्यो आवाज तुमच्याजवळून येत न्हाई, पलीकडून येतो." मग म्हणाल्या, "तुमच्या घरात दोन मानसं हायेत, बाई. मला पयल्यापास्नं ठाऊक हाय. आज सांगितलं."

मी उठले. "आपा, हा तुमचा पिक्चर नाही, माझं घर आहे," असं म्हणाले. त्यापुढेही बरंच बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांनी मान खाली घालून मशीन पुन्हा सुरू केलं. त्या दिवसापासून मी रेकॉर्डिंग बंद केलं. दुकानावरून जायची वेळ आली की पलीकडच्या गल्लीनं जायची.

लोकांना वाटेल मी घाबरले. तसं असतं तर बरं झालं असतं. खरं सांगायचं तर मला मत्सर वाटला. सर गेल्यापासून तीन वर्षं मी त्या घराच्या खोलीखोलीत कान देऊन बसत होते. पंखा बंद करून बसायची, फ्रिज बंद करून बसायची. एक हूं की चूं ऐकू आलं नव्हतं. आणि ज्या बाईनं आमच्या घरात जेमतेम चार वेळा पाऊल टाकलं, तिला दुकानात बसल्या बसल्या, काज करता करता ते ऐकू यावं? मुलगा तिकडे वर्षभर मागे लागला होता, घर आणि मळा विकून पुण्याला चल म्हणून. त्या घरात माझ्याशिवाय कुणी नाही, या एकाच गोष्टीवर मी हो म्हणायच्या बेतात आले होते. आपांनी त्यालाच सुरुंग लावला. आणि विचारायचं ते मी विचारलंच नाही… दुसरं माणूस कोण आहे, कसं आहे, बरं आहे का? दोन महिने मी आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. मग नसरीनचा फोन आला.

आपांचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी नसरीनकडे गेले. मशीनवर आता ती बसते, टीव्ही मात्र बंद असतो. तिनं मला चहा दिला आणि आपण होऊन म्हणाली, "अम्मी रोज तुमची जुनी रेकॉर्डिंग लावायच्या, बाई. तुमी येत नव्हता तरी." कादंबरी पुन्हा ऐकायच्या का, असं मी विचारलं. ती जरा घुटमळली. "कादंबरी न्हाई. सरांना ऐकायच्या त्या. मला म्हनल्या, सरांना आता दम लागत न्हाई गं. नीट श्वास घेत्यात. बाईंना सांगायचं हुतं, पन बाई रागावल्यात."

ज्यांनी शेवटचं वर्ष आमच्या घरी बघितलं नाही, त्यांना याचा अर्थ कळायचा नाही. सरांची फुप्फुसं निकामी झाली होती. पाणी दे, एवढं म्हणायलाही त्यांना दोनदा थांबावं लागे. खोलीत ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र चालू, आणि त्यावरही त्यांचा श्वास ऐकू यायचा, ओढून ओढून घेतलेला. ते गेल्यावर माझ्या कानात राहिला तो तेवढाच. मी त्या बाकावर बसून लहान पोरासारखी रडले. नसरीननं आपांचा मोबाईल पुढे केला. दोन तास मी माझीच रेकॉर्डिंग ऐकली, डोळे मिटून, आपांसारखी. माझा आवाज होता, कुकरच्या शिट्ट्या होत्या, एके ठिकाणी उसातला मोर होता. पानं उलटल्याचंही ऐकू आलं, पण ती मीच उलटत असणार, असंच मला वाटत राहिलं. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. त्यासाठी आपांचा कान हवा होता, आणि तो मी रागानं घालवला.

गेल्या गुरुवारी दुपारी मी जेवले, सरांच्या खोलीत जाऊन बसले आणि त्या कादंबरीचं राहिलेलं शेवटचं प्रकरण वाचलं. मध्येच एकदा उठून पाणी प्यायले, पुन्हा वाचायला लागले. कुणासाठी वाचते आहे हे स्वतःला विचारलं नाही. रेकॉर्डिंग न ऐकताच आपांच्या नंबरावर पाठवून दिलं. तो मोबाईल आता नसरीनच वापरते. तिला कादंबऱ्यांचं वेड नाही, भुताखेतांचं तर त्याहून नाही. तिचा सगळा जीव दोन मुलींच्या शाळेत आणि शिलाईत. पण बाईंनी पाठवलंय म्हटल्यावर तिनं मुकाट्यानं ते ऐकलं, आणि संध्याकाळी तिचा आवाज आला.

"बाई, ऐकलं सगळं. तिला शेवटी उंबरा दिसला न्हाई, वाईट वाटलं. अम्मी असत्या तर लेखकाला बोलल्या असत्या." मग तिचा आवाज जरा कामाचा झाला. "आनि बाई, तुमी शिलाई मशीन कधी घेतलं? तुमी वाचता आनि मागं सारखं चालू हाय. बॉबीन ढिली झालीय त्याची, खडखड करतंय. उद्या येऊन नीट करून देऊ का?"

आमच्या घरात शिलाई मशीन नाही. कधीच नव्हतं. मी तिला कळवलं, येऊ नकोस, चालतंय ते तसंच चालू दे.

रविवारी मुलाचा फोन आला. घराला गिऱ्हाईक मिळालंय, चांगली माणसं आहेत, कागद कधी करायचे म्हणून विचारत होता. मी म्हटलं, घर विकायचं नाही. तो समजावायला लागला. आई, एवढ्या उसात एकटी कशी राहणार, काही झालं तर कळणारही नाही आम्हाला. मी म्हटलं, मला इथं सोबत आहे.

"सोबत? कुणाची?" त्यानं विचारलं.

मी विचारलं, "तू जेवलास का?"