बाहुलीची बेंबी

सोनारीच्या धुरपताबाईनं शंभरावर बाळंतपणं केलेली, आणि तिला परंड्याच्या दवाखान्यात बोलावलं कशाला, तर बाहुलीचं बाळंतपण करायला! अंमल निजामाचा. गावोगावच्या सुइणींनी आठ दिवस शिकायला यावं, असा हुकूमच सुटला होता. धुरपता धुसफुसत गेली. जीव मात्र घरी अडकला होता. सून लक्ष्मीबाईला सातवा महिना लागलेला, आणि तिचं पहिलं लेकरू आठव्या दिवशी जबडा मिटून, आकडी येऊन गेलं होतं.

ते का गेलं, हे धुरपतानं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. "तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून उंबऱ्यात बसलीस. सटवीनं डाव साधला!" दोन वर्षं सुनेला हेच ऐकवलं. ती बिचारी खाली मान घालून ऐकायची.

दवाखान्यात शिकवायला नीलम्मा नर्स होती. सोलापुरात शिकलेली, वयानं धुरपताच्या लेकीएवढी. तिनं गोणपाटाचं पोट शिवलं होतं, आत चिंध्यांची बाहुली, बेंबीला पांढरा नाडा. आधी तिनं एकेकीच्या तळव्याला तव्याची काजळी फासली.

"हे गोठ्यातलं शेण समजा. बाई अडलीय, बोलावणं आलंय. चला, धुरपताबाई, तुम्ही पुढं व्हा."

शेजारी गरम पाणी होतं, साबण होता. धुरपतानं हात पदराला पुसले. "चिंध्यांला कशाला हात धुयाचे गं?" बाया फिदीफिदी हसल्या. धुरपतानं सराईतपणे बाहुली सोडवली, नाळ बांधली, कापली. हाताला कसब होतं, खोटं कशाला बोला!

"आता बेंबी बघा," नीलम्मा म्हणाली.

नाडा काळा झाला होता.

"खरं लेकरू असतं तर शेण असंच आत गेलं असतं. आठव्या दिवशी जबडा मिटतो, तो ह्यानं."

धुरपताला सुनेचं पहिलं बाळंतपण आठवलं. लक्ष्मीला कळा सुटल्या तेव्हा धुरपता गोवऱ्या थापत होती. उठली, हात पदराला पुसले, आणि आत गेली.

आठ दिवस तिनं पुरे केले. सोनारीला आली ती थेट सुनेपुढं.

"लक्ष्मी, तुझं लेकरू सटवीनं न्हाय नेलं. माझ्या शेणाच्या हातानं गेलं. तुझा कायबी गुन्हा न्हाय, पोरी."

लक्ष्मीबाई हमसून हमसून रडली. दोन वर्षांचं साठलेलं होतं.

"औंदा परंड्याच्या नर्सला बोलावू," धुरपता म्हणाली. "माझा हात नगं."

सुनेनं डोळे पुसले. "तुमीच या, आत्याबाई. फकस्त हात माझ्यासमोर धुवा."